स्कॅनला जाताना आजाराची हिस्ट्री कशी लिहून न्यावी : गोव्यातल्या रुग्णांसाठी आणि सोबत जाणाऱ्यांसाठी

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयला माणसं येतात तेव्हा आधार कार्ड आणलेलं असतं, दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड आणलेलं असतं, सकाळपासून पोटात पाण्याचा घोटही नसतो. राहून गेलेला असतो तो एक कागद : काय होतंय, कधीपासून होतंय आणि पूर्वी काय काय होऊन गेलंय. मी गोव्यात एक्स-रे आणि सीटी विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करते. सासऱ्यांच्या आजारपणात रुग्णाची नातेवाईक म्हणून त्याच रांगेत बाहेरच्या बाजूलाही उभी राहिले. दोन्हीकडून पाहिल्यामुळे हे पोटतिडकीने लिहिते आहे.

"मशीन काय ते दाखवेलच" हा समज आधी मनातून काढून टाका. मशीन सावल्या दाखवतं. ती सावली कशाची हे ठरवतो रेडिओलॉजिस्ट, म्हणजे चित्रं वाचून रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर, आणि सोनोग्राफी सोडली तर तो तुम्हाला बहुतेक वेळा भेटतच नाही. तो दुसऱ्या खोलीत स्क्रीनसमोर असतो, रात्रीच्या वेळी तर कधी कधी दुसऱ्याच शहरात. त्याच्यापुढे दोनच गोष्टी असतात : चित्रं आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी.

फुप्फुसाच्या वरच्या टोकाला एक पांढरट डाग दिसला असं समजा. तो जुन्या टीबीचा व्रण असेल, नव्याने झालेला टीबी असेल, न्यूमोनिया असेल किंवा गाठ असेल. चित्रात हे सगळे बरेचसे एकमेकांसारखे दिसू शकतात. "पंधरा वर्षांपूर्वी टीबीचा कोर्स पूर्ण केला, आता काही त्रास नाही, व्हिसासाठी एक्स-रे" ही ओळ एकीकडे नेते. "दोन महिने खोकला, थुंकीत रक्त, वजन उतरलं" ही ओळ भलतीकडेच नेते. रुग्णाची माहिती हाती असताना वाचलेल्या तपासण्या आणि माहितीशिवाय वाचलेल्या तपासण्या यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला होता. माहिती असली की वाचन जास्त अचूक होतं, असाच त्याचा कौल होता. माहितीमुळे मन आधीच एका बाजूला झुकू नये म्हणून काही रेडिओलॉजिस्ट पहिल्यांदा नुसती चित्रं पाहतात, मग हिस्ट्री वाचतात आणि पुन्हा चित्रांकडे वळतात. म्हणजे त्यांनाही ती लागतेच.

१. हातात पडलेली चिठ्ठी तिथेच वाचा

ओपीडीच्या गर्दीत चिठ्ठी घाईने लिहिली जाते. त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही, बाहेर शंभर माणसं थांबलेली असतात. म्हणून खोलीबाहेर पडण्याआधी चार गोष्टी बघून घ्या : नाव आणि वय बरोबर आहे का, शरीराचा भाग बरोबर आहे का, उजवा-डावा बरोबर आहे का, आणि कशासाठी तपासणी हवी ते लिहिलंय का. अक्षर लागत नसेल तर विचारा. उजव्या-डाव्याची गल्लत टेबलावर लक्षात आली तर चिठ्ठी बदलून आणायला तुम्हाला पुन्हा तेवढंच चालावं लागतं, आणि लक्षात आलीच नाही तर त्याहून वाईट.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. डॉक्टरांना सरळ म्हणा, "डॉक्टर, यात नक्की काय शोधायचंय ते एका ओळीत लिहाल का?" कुणी रागावत नाही. ही ओळ रिपोर्टसाठी तर लागतेच, पण स्कॅन कसा काढायचा तेही तिच्यावरच ठरतं. मुतखड्याची शंका असेल तर पोटाचा सीटी साधा काढतात, कारण खडा पांढरा दिसतो आणि शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट औषधही (अवयव चित्रात उठून दिसावेत म्हणून देतात ते) लघवीच्या मार्गात पांढरंच दिसतं. यकृतातल्या गाठीची शंका असेल तर तेच औषध देऊन वेगवेगळ्या वेळी दोन-तीन फेऱ्यांत चित्रं घ्यावी लागतात. चिठ्ठीवर नुसतं "पोटदुखी" असेल तर यातलं काय करायचं? आम्ही फोन करून विचारतो. फोन लागला नाही तर तुम्ही बाकावर बसून राहता.

२. एका पानावर हिस्ट्री लिहा

घरी शांतपणे लिहा. मराठीत लिहा, कोकणीत लिहा, इंग्रजी येत असेल तर इंग्रजीत. औषधांची नावं तेवढी पट्टीवरून जशीच्या तशी उतरवा. मोठं पत्र नको. नमुन्यादाखल एक पान देते. माणूस काल्पनिक आहे, पण आमच्याकडे अशी माणसं रोज येतात.

पुरुष, वय ५८, राहणार सत्तरी.
त्रास : उजव्या बरगडीखाली दुखतं, तीन आठवडे झाले. जेवल्यावर तासाभराने वाढतं, पाठीत जातं. दोनदा थंडी वाजून ताप. चार दिवसांपासून लघवी गडद पिवळी.
वजन : दोन महिन्यांत ७२ वरून ६६ किलो.
जुने आजार : डायबिटीस १२ वर्षं. २००९ साली टीबी, सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण.
ऑपरेशन : अपेंडिक्स १९९४. डाव्या बाजूचा हर्निया २०१८, जाळी बसवली आहे.
चालू गोळ्या : मेटफॉर्मिन ५००, दिवसातून दोनदा. ॲस्पिरिन ७५, रात्री.
ॲलर्जी : सल्फाच्या गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या.
रक्त : क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.३, गेल्या आठवड्यातलं.
आधीचा स्कॅन : गेल्या वर्षी सोनोग्राफी, पित्ताशयात खडा. रिपोर्ट सोबत आहे.
काम : २२ वर्षं खाणीवर. बिडी ३० वर्षं, आता सोडली.

लिहायला दहा मिनिटं लागतात. या दहा मिनिटांनी काय साधलं ते बघा. अपेंडिक्स काढलेलं आहे म्हटल्यावर उजव्या बाजूच्या दुखण्याचं एक कारण यादीतून गेलं. जाळीचा उल्लेख आहे, म्हणून जांघेतला जाडसर भाग पाहून कुणी नवी गाठ समजणार नाही. लघवी गडद झाली म्हणजे पित्ताच्या नळीत खडा उतरलाय का हे नीट शोधलं जाईल. आणि वजन सहा किलो उतरलंय ही ओळ वाचल्यावर कोणताही जाणता रेडिओलॉजिस्ट स्वादुपिंड पुन्हा एकदा बारकाईने बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडणार नाही.

इथे लोक हटकून एक चूक करतात. त्रास लिहायच्या जागी निदान लिहितात : "स्टोन आहे का बघा", "मणक्यात गॅप आहे". शेजारणीला होतं तेच आपल्याला असं वाटून लिहिलेलं असतं. तुम्ही त्रास लिहा. कुठे, कधीपासून, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, सोबत आणखी काय होतं. निदान करायचं काम ज्याचं त्याला करू द्या.

तारखाही लिहा. स्कूटरवरून पडताना हात टेकला आणि मनगट दुखतंय, असे रुग्ण गोव्यात रोजचेच. मनगटातलं एक छोटं हाड असं आहे की ते मोडलं तरी पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत दिसेलच असं नाही; दहा-चौदा दिवसांनी परत काढला तर दिसतं. पडल्याची तारीख लिहिलेली असली तर "आज काही दिसत नाही, दुखणं राहिलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा काढा" असं लिहिता येतं. नसली तर "नॉर्मल" एवढाच शेरा घेऊन माणूस घरी जातो.

३. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट लपवू नका

"आधीचे कागद दाखवू नको, नव्या डॉक्टरला नव्याने बघू दे" असा सल्ला गावागावात दिला जातो. नव्या डॉक्टरची परीक्षा घ्यायची असते. स्कॅनच्या बाबतीत या सल्ल्याइतकं नुकसान दुसरं काही करत नाही.

छातीत एक सेंटिमीटरची भरीव गाठ दिसली. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत ती तेवढीच होती, असं दाखवता आलं तर ती घातक असण्याची शक्यता फार कमी होते आणि रुग्ण सुईच्या तपासणीतून (बायोप्सीतून) वाचू शकतो. जुनी सीटी घरी कपाटात पडून राहिली तर तीच गाठ "नवी" ठरते. मग पुन्हा सीटी, बायोप्सी, आणि घरात कुणाला झोप नाही. पुन्हा पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा पुन्हा किरणंही. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किरणं मिळतात, पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १०. निसर्गाकडून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतात. गरजेची सीटी टाळू नका, तिचा फायदा मोठा असतो. पण जुनी सापडली नाही म्हणून नवी काढणं कुणाच्याच हिताचं नाही.

काय काय न्यायचं :
- त्याच भागाच्या सगळ्या जुन्या फिल्म, सीडी आणि त्यांचे रिपोर्ट. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तुलनेला पुरत नाही; सीडी किंवा सेंटरने दिलेली लिंक हवी.
- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचे कागद. काय काढलं, काय बसवलं ते त्यात असतं.
- बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट.
- चालू औषधांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी.
- अलीकडचं क्रिएटिनिन.
- पेसमेकर, स्टेंट, कृत्रिम सांधा वगैरेचं छोटं कार्ड.

डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर जिथे दाखल होता तिथे लेखी अर्ज करा. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणून तीन वर्षं उलटायची वाट पाहू नका. आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, काढला असेल, तो चौदा आकडी, तर तोही सांगा. पण त्याच्या भरवशावर कागद घरी ठेवू नका.

आणि आपला पाऊस विसरू नका. जून ते सप्टेंबर कपाटात एकावर एक ठेवलेल्या फिल्म दमटपणाने चिकटतात, सोडवताना त्यांचा थर निघतो. फिल्ममध्ये साधा कोरा कागद घाला, पाकीट उभं ठेवा, गादीखाली तर मुळीच नको. सोनोग्राफीच्या चकचकीत कागदावरच्या छोट्या प्रिंट उष्णतेने काळ्या पडतात, त्यांना लॅमिनेशन करू नका. रिपोर्टची झेरॉक्स मात्र वेगळी ठेवा.

४. कामधंदा आणि सवयी सांगा

हे कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांत अर्धं आयुष्य खाणीवर गेलेली माणसं घरोघरी आहेत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पण छातीत गेलेली धूळ काही बंद पडत नाही. लोखंडाची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की एक्स-रेवर फुप्फुसभर बारीक ठिपके दिसू शकतात. तसेच ठिपके पसरलेल्या टीबीत दिसतात आणि दुसरीकडून फुप्फुसात आलेल्या कर्करोगातही दिसू शकतात. क्रशरवर दगडाची धूळ खाल्लेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या वरच्या भागात टीबीसारखीच खूण उमटते, आणि अशा माणसाला टीबी होण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त. "खाणीवर लोडिंगला २२ वर्षं" ही एक ओळ नसेल तर त्या ठिपक्यांचा अर्थ लावायचा कसा?

म्हणून लिहा : खाण, क्रशर, वेल्डिंग, वास्कोकडच्या शिपयार्डातलं काम, सॉ मिल, बेकरी, काजूच्या भट्टीचा आणि चुलीचा धूर. बिडी-सिगारेट किती वर्षं आणि दिवसाला किती. दारूही लिहा, कमी करून लिहू नका. यकृताची सोनोग्राफी वाचताना तिचा उपयोग होतो, त्यावरून तुम्हाला कुणी बोल लावणार नाही.

५. जिवाशी गाठ असलेले प्रश्न

आतापर्यंतचं सगळं रिपोर्ट बरोबर यावा यासाठी होतं. आता सांगते ते न सांगितल्यास टेबलावरच अपाय होऊ शकतो.

कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन मिळणार असेल तर सांगा : पूर्वी अशा इंजेक्शनने उलट्या, अंगभर खाज, धाप असं काही झालं होतं का; दमा आहे का; मूत्रपिंडाचा त्रास आहे का; थायरॉइड वाढलेलं आहे का. काणकोणकडून येणाऱ्या रुग्णांना मूत्रपिंडाचं आम्ही मुद्दाम दोनदा विचारतो, कारण तिकडे त्या आजाराचे रुग्ण बरेच आहेत. डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही सांगा. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ती गोळी ४८ तास थांबवायला सांगतात, ठीक असेल तर बहुधा थांबवत नाहीत. आपल्या मनाने बंद करू नका.

सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं, म्हणून आपल्याकडे हमखास निघणारा प्रश्न मासळीचा. "मला सुंगटं (कोळंबी) बाधतात, मग आयोडीनचं इंजेक्शन चालेल का?" सुंगटांची ॲलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. त्यामुळे तेवढ्या कारणाने इंजेक्शन नाकारायचं नसतं. तरी सांगा, कारण कोणतीही ॲलर्जी असलेल्या माणसाकडे आम्ही जरा जास्त लक्ष ठेवतो.

एमआरआयचं लोहचुंबक दिवसरात्र चालूच असतं, स्कॅन चालू नसला तरीही. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट हे तारीख घेतानाच फोनवर सांगा, दारात पोहोचल्यावर नको. अपघातानंतर पायात घातलेल्या सळ्या-प्लेटा बहुतेक वेळा चालतात, पण त्यांच्या भोवतीचं चित्र खराब होतं आणि ते सावरायला आम्हाला मशीनची मांडणी बदलावी लागते, म्हणून आधी कळायला हवं. आणि वेल्डर, ग्राइंडर, लेथवर काम केलेल्यांनो : डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? वीस वर्षांपूर्वी गेला, डॉक्टरांनी काढला, पण सगळा निघाला की नाही ठाऊक नाही, असं असेल तर ते सांगा. डोळ्याचा एक्स-रे काढून खात्री केल्याशिवाय एमआरआय करत नाहीत, कारण राहिलेला बारीक कण चुंबकाने हलला तर डोळा जाऊ शकतो. मंगळसूत्र, जोडवी, कमरेचा करदोटा, दंडातला ताईत, कानाचं मशीन घरी काढून ठेवा. ताईत काढायला मन होत नसेल तर बाहेर सोबतच्या माणसाच्या हातात द्या.

६. बायकांसाठी, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्यांसाठी

शेवटची पाळी कधी आली ही तारीख प्रत्येक बाईने लिहून आणावी. गर्भ असण्याची शक्यता असेल तर एक्स-रे आणि सीटीचा विचार वेगळा करावा लागतो, हे एक कारण. दुसरं कारण रिपोर्टचं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी सोनोग्राफीत १० मिलिमीटर आली. तीस वर्षांच्या बाईला, पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, हे अगदी सर्वसाधारण. पाळी जाऊन पाच वर्षं झालेल्या आणि आता पुन्हा रक्त जाऊ लागलेल्या बाईला हाच आकडा आला तर पुढची तपासणी लांबवू नये. तिच्यासाठी ४ च्या वरचा आकडाही बघावा लागतो. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर त्या गोळीनेही अस्तर जाड होतं. वय, तारीख, रक्तस्राव, गोळी या चार गोष्टी कळल्याशिवाय त्या दहाला काही अर्थ नाही.

मॅमोग्राफीला जाताना गाठ हाताला कुठे लागते ते सांगा, जुने मॅमोग्राम न्या, आई-बहीण-मावशीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर लिहा. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्याचे कण चित्रात ठिपक्यांसारखे उमटतात. नुकतीच दंडात लस घेतली असेल तर तीही सांगा; त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काही आठवडे सुजलेल्या राहू शकतात.

आता एक गोष्ट जी मला फार लागते. लग्न न झालेल्या मुलीला मी पाळीची तारीख विचारते आणि उत्तर आई देते. सुनेला विचारते आणि उत्तर सासू देते. पूर्वीचा गर्भपात, टीबी, एचआयव्ही, मनाच्या आजाराच्या गोळ्या, यातलं काहीही नातेवाइकांच्या देखत तोंडातून निघत नाही. सोबत्यांनो, प्रश्न सुरू झाले की स्वतः होऊन बाहेर जा. आणि रुग्णांनो, "मला एकटीला बोलायचंय" हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आम्ही सोबतच्या माणसाला फॉर्म भरायला पाठवतो, दार लावून घेतो.

गरोदरपणाच्या सोनोग्राफीत एफ फॉर्म भरावा लागतो. त्यात आधीची मुलं किती असं विचारतात ते १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यामुळे. खरं ते सांगून सही करा आणि मोकळ्या व्हा.

७. टेबलावर झोपल्यावर : एका बोटाने दाखवा

एक आजी आल्या होत्या फोंड्याकडच्या एका गावातून, व्हीलचेअरवर. चिठ्ठीवर उजव्या गुडघ्याचा एक्स-रे. मी विचारलं, "आजी, कुठे दुखतं?" "सगळंच दुखतं गे बाय." म्हटलं, एकच बोट ठेवा, सगळ्यात जास्त जिथे दुखतं तिथे. त्यांनी बोट गुडघ्यावर ठेवलं, मग जरा थांबून जांघेत. सून म्हणाली, चार दिवसांपूर्वी न्हाणीत घसरल्या, तेव्हापासून पाय टेकवत नाहीत. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड वाटत होता. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी खुब्याचा एक्स-रे वाढवून दिला, आणि हाड तिथेच मोडलेलं होतं. "न्हाणीत घसरल्या" हे दोन शब्द चिठ्ठीत नव्हते.

तेव्हा सगळा पाय, सगळी पाठ, सगळं पोट असं हात फिरवून दाखवू नका. एक बोट. पडला असाल तर कसे पडलात, कोणत्या अंगावर, हे सांगा. "एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं" असं म्हणू नका. तंत्रज्ञ घाईत दिसला तरी सांगा, आणि तुमचं पान त्याच्या हातात देऊन म्हणा, "हे रेडिओलॉजिस्टकडे चिठ्ठीबरोबर जाऊ द्या." खिशात राहिलेल्या पानाचा उपयोग शून्य.

सोनोग्राफीला तर डॉक्टर समोरच असतात, तिथे बोलायची संधी दवडू नका. पित्ताशय बघायचं असेल तर सहा-आठ तास उपाशी राहायला सांगतात, कारण जेवल्यावर ते आकसतं. ओटीपोट बघायचं असेल तर बहुधा लघवी भरलेली हवी. पित्ताशय ऑपरेशनने काढलेलं असेल तर ते नक्की सांगा, म्हणजे नसलेल्या अवयवाच्या शोधात वेळ जाणार नाही.

८. रिपोर्ट आल्यावर

लोक थेट खालचा निष्कर्ष वाचतात. तुम्ही वरून सुरुवात करा. वर तुमच्या तक्रारीची ओळ असते, मग कोणत्या जुन्या तपासणीशी तुलना केली ते असतं. तिथे तुमची हिस्ट्री चुकीची छापली गेली असेल, किंवा जुनी फिल्म देऊनही तुलना झाली नसेल, तर काउंटरवर तसं सांगा आणि पुरवणी रिपोर्ट मागा. नवी माहिती मिळाली की रेडिओलॉजिस्ट चित्रं पुन्हा पाहून पुरवणी लिहू शकतो. त्यासाठी स्कॅन पुन्हा करावा लागत नाही. नम्रपणे, पण त्याच दिवशी विचारा.

खाली "क्लिनिकल कोरिलेशन" सुचवलेलं असतं, ते वाचून पुष्कळजण घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की चित्रात जे दिसलं ते तुमच्या त्रासाशी जुळतं का, हे तुमच्या डॉक्टरांनी ताडून पाहावं. मणक्याच्या एमआरआयमध्ये पन्नाशीनंतर झीज बहुतेकांना दिसते, पाठ दुखत नसली तरी. म्हणून रिपोर्ट मोबाइलवर सगळ्या नातेवाइकांना पाठवण्याआधी ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांना दाखवा, हिस्ट्रीच्या पानासकट.

९. घाईच्या वेळी, पान नसताना

१०८ बोलावली आहे, बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) निघायचंय, लिहायला वेळ नाही. तेव्हा तीन गोष्टी पाठ ठेवा. पहिली वेळ. तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, बोली अडखळली, तर रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ते घड्याळाप्रमाणे सांगा. सकाळी सात वाजता उठला तेव्हा असा आढळला, तर सात सांगू नका. रात्री झोपायला गेला ती वेळ सांगा. मेंदूच्या सीटीत रक्तस्राव नाही असं दिसलं तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तो हिशेब या वेळेवरून होतो. दुसरी गोष्ट, मार लागलाय का, डोकं आपटलंय का. तिसरी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. घरातून निघताना त्या गोळ्यांची पट्टी खिशात टाका. नाव आठवत बसू नका, पट्टीच डॉक्टरांच्या हातात द्या.